संभाव्यता, असमानता आणि वाढ: रोजच्या गणितांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न शाळा-कॉलेज सोडून बराच काळ झालेल्या माणसांचे आहेत. आकडेमोडीत ते अडत नाहीत, ती मोबाइलही करून देतो. अडतं ते मांडणीत: टक्के कशाचे, तुलना कशाशी, वाढ कशावर. म्हणून उत्तरं देताना मी मांडणीपाशी जास्त रेंगाळलो आहे. आकडे मात्र कागद-पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन पडताळता येतील असेच घेतले आहेत.

कुठल्या प्रश्नाला काय वापरायचं, हे कसं ओळखायचं?

प्रश्नातले शब्दच सांगतात. "होईल का", "कितपत शक्य आहे" असं असेल तर संभाव्यता. "निदान", "जास्तीत जास्त", "कधीपासून फायद्याचं" असं असेल तर असमानता. "दरवर्षी इतक्या टक्क्यांनी" आलं की वाढीचं गणित. खऱ्या आयुष्यातले प्रश्न बऱ्याचदा तिन्हींचं मिश्रण असतात. शेवटच्या प्रश्नात असंच एक उदाहरण सविस्तर घेतलं आहे.

एखादी गोष्ट घडण्याची शक्यता १० टक्के आहे. दहा वेळा प्रयत्न केला की ती नक्की घडेल ना?

नाही. टक्क्यांची अशी बेरीज करता येत नाही, नाहीतर अकराव्या प्रयत्नाला शक्यता ११० टक्के झाली असती. प्रश्न उलटा करा: दहाही वेळा ती न घडण्याची शक्यता किती? एकदा न घडण्याची ०.९, दहाही वेळा न घडण्याची ०.९ चा दहावा घात, म्हणजे साधारण ०.३५. म्हणून निदान एकदा घडण्याची शक्यता ६५ टक्के. ती ९० टक्क्यांच्या वर न्यायची तर २२ प्रयत्न लागतात.

"निदान एकदा" हे शब्द दिसले की आधी "एकदाही नाही" काढायचं आणि ते एकातून वजा करायचं. हीच युक्ती १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींच्या पत्रव्यवहारात दिसते. शव्हालिए द मेरे नावाच्या फ्रेंच माणसाचा प्रश्न होता: एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडेल अशी पैज फायद्याची ठरते, मग दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा जोडीने सहा पडतील ही पैज का ठरत नाही? ४ ला ६ चं जे प्रमाण, तेच २४ ला ३६ चं. पण पहिल्या पैजेची शक्यता ५१.८ टक्के निघते, दुसरीची ४९.१. प्रमाण सारखं म्हणून शक्यताही सारखीच असेल, हा समज तिथे मोडला. आजही बहुतेकांची चूक इथेच होते.

नाणं सलग पाच वेळा छापा पडलं. आता काटा पडायची शक्यता वाढली का?

नाण्याला मागचं आठवत नाही. शक्यता तेवढीच, निम्मी. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच, या भरवशावर लोक पैसे लावत गेले आणि हरत गेले.

"पण शेवटी सगळं समसमान होतं ना?" हा त्यावरचा ठरलेला प्रतिप्रश्न. होतं, पण भरपाई होऊन नाही. समजा १०० वेळांत ६० छापे आणि ४० काटे पडले. पुढच्या ९,९०० वेळांत दोन्ही अगदी निम्मे निम्मे पडले असं धरा. एकूण छापे ५,०१० आणि काटे ४,९९०. छाप्यांचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ५०.१ टक्क्यांवर आलं, पण वीसचा फरक जसाच्या तसा राहिला. जुनी तफावत पुसली गेली नाही, मोठ्या संख्येत विरून गेली.

२३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त कशी?

कारण प्रश्न माणसांचा नसून जोड्यांचा आहे. २३ माणसांच्या २५३ जोड्या होतात आणि शक्यता निघते ५०.७ टक्के. *तुमच्याच* वाढदिवशी जन्मलेला कुणी सापडण्याची शक्यता निम्मी व्हायला मात्र तुमच्याखेरीज २५३ माणसं लागतील. "योगायोगच म्हणायचा!" असं म्हणण्याआधी जुळू शकल्या असत्या अशा जोड्या किती होत्या, ते मोजून पाहा.

चाचणी ९० टक्के अचूक आहे आणि माझी पॉझिटिव्ह आली. म्हणजे मला आजार असण्याची शक्यता ९० टक्के का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण विचारणारा त्या क्षणी घाबरलेला असतो. म्हणून घाई न करता पाहू.

"९० टक्के अचूक" म्हणजे आजार *असलेल्या* १०० जणांपैकी ९० जणांना चाचणी बरोबर पकडते. तुमचा प्रश्न वेगळा आहे: चाचणी पॉझिटिव्ह *आलेल्यांपैकी* किती जणांना आजार असतो? दोन्ही वाक्यांत शब्द तेच, पण छेद बदलला. "पैकी"च्या आधी कोण आहे, यावर सगळं ठरतं.

एक कोरा कागद घ्या आणि वर लिहा: १०,००० माणसं. समजा आजार शंभरात एकाला आहे. कागदाचे दोन भाग करा. डावीकडे आजारी १००, उजवीकडे निरोगी ९,९००. डावीकडच्या १०० पैकी ९० पॉझिटिव्ह येतील. आता समजा ही चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्के जणांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. उजवीकडच्या ९,९०० चे ५ टक्के म्हणजे ४९५. एकूण पॉझिटिव्ह ९० + ४९५ = ५८५, त्यांत खरोखर आजारी ९०. म्हणजे सुमारे १५ टक्के.

उजवीकडचा गठ्ठा इतका मोठा आहे की त्याचे पाच टक्केही डावीकडच्या नव्वदांना झाकून टाकतात. टक्क्यांऐवजी माणसं मोजली की हे डोळ्यांना दिसतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी या मांडणीचा सातत्याने पुरस्कार केला आहे. यामागचं सूत्र थॉमस बेझ यांचं, त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तुम्हाला आधीच लक्षणं असतील तर सुरुवातीचा "शंभरात एक" हा आकडा तुम्हाला लागू नाही. तुमच्यासारखी लक्षणं असलेल्यांत प्रमाण जास्त असेल आणि उत्तरही बदलेल. दुसरी, पुन्हा चाचणी केली आणि पहिलीतली चूक दुसरीत तशीच उतरत नसेल, तर ९० पैकी ८१ आणि ४९५ पैकी साधारण २५ पुन्हा पॉझिटिव्ह येतील. १५ टक्क्यांवरून आपण थेट ७६ टक्क्यांवर पोचतो. म्हणून डॉक्टर दुसरी चाचणी करायला सांगतात तेव्हा ती जरूर करावी.

दोन गोष्टी एकत्र घडण्याची शक्यता काढायला दोन्ही शक्यतांचा गुणाकारच करायचा ना?

एकीचा दुसरीशी काही संबंध नसेल तरच. ही अट विसरल्याने किती नुकसान होतं, ते १९९९ साली इंग्लंडमध्ये दिसलं. एका आईवर तिच्या दोन तान्ह्या बाळांच्या हत्येचा खटला चालला. तिच्या कुटुंबासारख्या कुटुंबात एक बाळ अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन दगावण्याची ८,५४३ गुणिले ८,५४३, म्हणजे सुमारे ७.३ कोटींत एक, असं एका तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितलं. तिला जन्मठेप झाली.

पण ती दोन बाळं सख्खी भावंडं होती. आईवडील तेच, घर तेच. एक बाळ दगावलं त्यामागे काही आनुवंशिक कारण असेल, तर दुसऱ्याचा धोका आधीच वाढलेला असतो. तिथे गुणाकार लागूच होत नाही. दुसरी चूक त्याहून खोल होती. "असा योगायोग दुर्मिळ आहे" याचा अर्थ "म्हणून ती दोषी आहे" असा होत नाही. आईने दोन बाळांना मारणं हेही अतिशय दुर्मिळच आहे. तुलना या दोन दुर्मिळ शक्यतांत व्हायला हवी होती. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली यावर जाहीर आक्षेप घेतला. बचाव पक्षापर्यंत न पोचलेला वैद्यकीय पुरावा पुढे आला आणि २००३ साली अपिलात शिक्षा रद्द झाली. तोवर तिची तीन वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती.

दर दहा मिनिटांनी बस आहे म्हणतात, मग मला सरासरी पाच मिनिटांपेक्षा जास्त का थांबावं लागतं?

हा तुमच्या नशिबाचा दोष नाही. समजा बस सरासरी दहा मिनिटांनीच येते, पण एक खंड पाच मिनिटांचा, पुढचा पंधराचा, असं आलटून पालटून. वीस मिनिटांच्या या फेऱ्यात तुम्ही कधीही थांब्यावर पोचलात, तर लांब खंडात सापडण्याची शक्यता तीन चतुर्थांश आहे, कारण वीसपैकी पंधरा मिनिटं त्यानेच व्यापली आहेत. लांब खंडात सरासरी ७.५ मिनिटं थांबावं लागतं, आखूड खंडात २.५. म्हणून ०.७५ × ७.५ + ०.२५ × २.५ = ६.२५ मिनिटं.

खंड लांब असला की त्यात सापडण्याची शक्यताही वाढते आणि थांबणंही, म्हणजे त्याची लांबी दोनदा गुणली जाते, तिचा वर्ग होतो. यामागे एक असमानता आहे: संख्यांच्या वर्गांची सरासरी ही त्यांच्या सरासरीच्या वर्गापेक्षा कधीच कमी नसते. त्यामुळे तुम्ही वेळापत्रक न बघता केव्हाही पोचत असाल, तर सरासरी थांबणं सरासरी खंडाच्या निम्म्याहून कमी होऊच शकत नाही, आणि खंड जितके विस्कळीत तितकं ते वाढत जातं. बसची संख्या तेवढीच ठेवून नुसत्या ठरल्या अंतराने सोडल्या, तरी प्रवाशांचा वेळ वाचतो.

दोन योजनांपैकी कुठली स्वस्त, हे कसं ठरवायचं?

एका योजनेत ठरावीक रक्कम ३०० आणि प्रत्येक वापराला २, दुसरीत ठरावीक रक्कम काही नाही पण प्रत्येक वापराला ५. "पहिली कधी परवडेल?" ही असमानता: ३०० + (२ × वापर) < ५ × वापर. दोन्हीकडून २ × वापर वजा केला की ३०० < ३ × वापर, म्हणजे वापर १०० हून जास्त असेल तर पहिली घ्या.

इथे एकच काळजी घ्यायची. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं तर चिन्ह उलटतं. ३ < ५ खरं, पण −३ > −५. परीक्षेत आणि परीक्षेबाहेर असमानतेत सर्वाधिक चुका या एका पायरीला होतात. शक्यतो बेरीज-वजाबाकीने पदं अशी हलवा की ऋण संख्येने भागायची वेळच येणार नाही.

जाताना ताशी ४० किलोमीटर, येताना त्याच रस्त्याने ६०. सरासरी ५० ना?

४८. अंतर १२० किलोमीटर धरा: जायला ३ तास, यायला २ तास, एकूण २४० किलोमीटर पाच तासांत. हळू वेगाने तुम्ही जास्त *वेळ* घालवता, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते.

यातून निघणारी एक गोष्ट गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. निम्मं अंतर ताशी ३० ने कापलं आणि आता पूर्ण प्रवासाची सरासरी ६० करायची आहे? अशक्य. साऱ्या प्रवासाला जेवढा वेळ मिळायला हवा होता, तो सगळा पहिल्या निम्म्यातच संपला. आता वेग वाढवून धोका तेवढा वाढेल, सरासरी काही तिथवर पोचणार नाही.

माझ्याकडे फक्त सरासरी आहे, बाकी काहीच माहीत नाही. तरी काही सांगता येतं का?

बरंच. रांगेत सरासरी १० मिनिटं लागतात, एवढंच माहीत असेल, तरी ३० किंवा अधिक मिनिटं लागणारे लोक एक तृतीयांशाहून जास्त असू शकत नाहीत. एक तृतीयांशाहून जास्त लोकांना प्रत्येकी ३० मिनिटं लागली असती, तर त्यांच्यामुळेच सरासरी १० च्या वर गेली असती. ही मार्कोव्ह यांची असमानता. प्रमाण विचलनही (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत, त्याचं माप) माहीत असेल तर त्यांचे गुरू चेबिशेव्ह यांची असमानता वापरा: सरासरीपासून दोन किंवा अधिक प्रमाण विचलनं दूर असलेले आकडे २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसतात, तीन किंवा अधिक दूर असलेले ११.१ टक्क्यांपेक्षा जास्त नसतात. आकड्यांची विभागणी कशीही असो.

कामाचं नियोजन करताना मला याहून उपयोगी वाटते ती बूल यांची साधी असमानता. कामाच्या पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक बिघडण्याची शक्यता २ टक्के आहे, तर निदान एक बिघडण्याची शक्यता जास्तीत जास्त १० टक्के. इथे मात्र बेरीज चालते, कारण आपण नेमकं उत्तर सांगत नसून वरची मर्यादा सांगतो आहोत. पायऱ्या एकमेकींवर अवलंबून आहेत की नाहीत, याचीही पर्वा करावी लागत नाही.

मी हे ३०० वेळा केलं, कधीच काही झालं नाही. म्हणजे धोका शून्य ना?

शून्य नाही, पण मर्यादा सांगता येते: ३ भागिले वेळांची संख्या. ३०० वेळा सुखरूप गेलं, तर ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं की धोका दर वेळी १ टक्क्याहून जास्त नाही. एक टक्का हा छोट्या नुकसानीसाठी किरकोळ आहे, जिवासाठी नाही.

रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील, हे तोंडी कसं काढायचं?

७२ ला व्याजाच्या दराने भागा. ८ टक्क्यांनी ९ वर्षं, ६ टक्क्यांनी १२. इटालियन गणिती लुका पाचोली यांच्या १४९४ सालच्या ग्रंथात हा नियम आहे. खरा आकडा ६९.३ च्या आसपासचा, पण ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी भाग जातो. दर एक-दोन टक्केच असेल तर ७० घ्या. दर फार मोठा असेल तर नियम ढिला पडतो: २४ टक्क्यांना तो ३ वर्षं सांगतो, प्रत्यक्षात ३.२ लागतात.

हाच नियम कर्जाला, महागाईला, लोकसंख्येलाही लागतो. आणि "एकाच टक्क्याचा तर फरक आहे" असं कुणी म्हणालं तर हे करून पाहा: ३० वर्षांत ७ टक्क्यांनी रक्कम ७.६ पट होते, ६ टक्क्यांनी ५.७ पट. त्या एका टक्क्याने शेवटच्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा नेला.

एखादी गोष्ट झपाट्याने वाढते आहे. ती अशीच वाढत राहील का?

तळ्यातली वनस्पती रोज दुप्पट होते आणि तिसाव्या दिवशी तळं भरतं. पंचविसाव्या दिवशी तिने तळ्याचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापलेला असतो. म्हणून चक्रवाढ वाढीचा इशारा वेळेवर ऐकू येत नाही.

पण तळं भरल्यावर वाढ थांबतेच. बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ साली याचं प्रतिमान मांडलं: वाढीचा वेग दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो, आत्ता किती आहे आणि किती जागा उरली आहे. या दोन्हींची बेरीज ठरलेली असते, आणि बेरीज ठरलेल्या दोन संख्यांचा गुणाकार त्या समान असताना सर्वांत मोठा होतो. म्हणून वाढ सर्वांत जोरात असते ती बरोबर अर्ध्या वाटेवर.

आकडे हाताशी असतील तर फरक आणि गुणोत्तर दोन्ही काढा. समजा दर आठवड्याचे आकडे १००, १५०, २२०, ३०८, ४००. फरक ५०, ७०, ८८, ९२: वाढतच चालले आहेत. गुणोत्तरं १.५०, १.४७, १.४०, १.३०: घसरत आहेत. फरकांकडे पाहणारा घाबरेल, गुणोत्तरांकडे पाहणाऱ्याला ओसरण्याची चाहूल आधी लागेल. वाढ किती वर जाऊन थांबेल, हे मात्र एवढ्या आकड्यांवरून सांगू नये. आकड्यांतल्या थोड्याशा चुकीनेही ती कमाल मर्यादा खूप हलते.

जिंकलो तर रक्कम ५० टक्के वाढते, हरलो तर ४० टक्केच कमी होते, आणि दोन्हीची शक्यता निम्मी. हा खेळ खेळत राहणं फायद्याचं नाही का?

वरवर पाहता फायद्याचाच: सरासरी दर डावाला ५ टक्के वाढ. १०० रक्कम घेऊन सुरुवात करा, एक डाव जिंका: १५०. एक हरा: ९०. आधी हरून मग जिंकलात तरी ६०, मग ९०. एक हार आणि एक जीत मिळून दहा टक्के गेले. वीस डावांत दहा जिंकले, दहा हरले, तर उरतात ३५ च्या आसपास.

मग सरासरी खोटी आहे का? नाही. वीस डावांनंतर सगळ्या खेळाडूंची मिळून सरासरी खरोखर २६५ येते. पण ती मोजक्या, सलग जिंकत गेलेल्यांच्या प्रचंड रकमांनी वर ओढलेली असते. फायद्यात राहायला वीसपैकी निदान बारा डाव जिंकावे लागतात आणि ते साधारण चौघांतल्या एकालाच जमतं. उरलेले तिघे तोट्यात. वाढ गुणाकाराने होते, म्हणून इथे बेरजेची सरासरी चालत नाही, गुणाकाराची लागते: १.५ × ०.६ = ०.९, त्याचं वर्गमूळ ०.९५. गुणाकाराची सरासरी बेरजेच्या सरासरीहून कधीच मोठी नसते, आणि चढउतार जितके तीव्र तितकी ती खाली राहते. संभाव्यता, असमानता आणि वाढ इथे एका जागी भेटतात.

खेळ न बदलता वाचायचा मार्गही आहे. दर वेळी सगळी रक्कम लावू नका. हातात असेल त्याचा चौथा हिस्सा लावा. जिंकलात तर १.१२५ पट, हरलात तर ०.९ पट, गुणाकार १.०१२५. तोच खेळ, तीच शक्यता, पण आता एक हार आणि एक जीत मिळून रक्कम थोडी वाढते. किती लावायचं याचं सूत्र जॉन केली यांनी १९५६ साली दिलं आणि या खेळासाठी ते बरोबर एक चतुर्थांश येतं. त्याहून जास्त लावलंत तर वाढ मंदावते, आणि निम्म्यावर पोचलात की ती शून्य होते.

हातातलं नाणं घ्या आणि वहीत दोन रकाने आखा, एक "सगळी", एक "पाव", दोन्हींत १०० लिहून सुरुवात करा. वीस वेळा नाणं उडवा आणि प्रत्येक वेळी दोन्ही आकडे पुढे न्या. असं चार-पाच पानं करा. पहिल्या रकान्यात एखाद्या पानावर शेवटचा आकडा कदाचित दोनशेच्या वर गेलेला दिसेल आणि बाकीच्या पानांवर बहुधा चौदा, पस्तीस, सत्त्याऐंशी; दुसऱ्या रकान्यात आकडे शंभराच्या आगेमागे हळूहळू सरकताना दिसतील.